कानांनी घडवले, कानांनीच अडवले

शहाद्याहून सातपुड्याच्या दिशेने निघाले की म्हसावद लागते. पुढे रस्ता धडगावच्या डोंगराकडे वळतो. माझे आजोळ तिथले. उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही नातवंडे पोचलो की आजी ओट्यावर बसलेली असे. कुणी काही विचारले की ती हात कानामागे नेऊन काय म्हनस, असे विचारी. आम्ही तेच दुसऱ्यांदा सांगायचो, तिसऱ्यांदा सांगायचो आणि मग हसत पळून जायचो. रात्री जेवणे झाल्यावर अंगणात बाजा पडत, गप्पा रंगत, पण आजी मात्र हळूच उठून गोठ्याकडे निघून जाई. म्हातारी अलीकडे तुसडी झाली आहे, असे सगळे म्हणत. ती तुसडी झाली नव्हती, तिला ऐकू येत नव्हते. ही साधी गोष्ट आम्हाला उमगली ती ती गेल्यावर कित्येक वर्षांनी. तरुणपणी तिचा कान वाहायचा, त्यात ती लसूण घालून कढवलेले तेल सोडायची आणि वर कापसाचा बोळा घालून कामाला लागायची, एवढेच आईकडून पुढे कळले.

आपल्याकडे आंधळ्याला रस्ता ओलांडताना हात देतात, पण बहिऱ्याला हसतात. जुन्या फार्सांतून बहिऱ्याचे पात्र म्हणजे हुकमी हशा. डोळ्याचे अधूपण समोर दिसते, कानाचे दिसत नाही. म्हणून त्याची दखलही उशिरा घेतली जाते, आणि तोवर आयुष्यातले एखादे दार बंद झालेले असते.

पंडिता रमाबाईंचे चरित्र पुन्हा वाचत होतो तेव्हा आजीची फार आठवण झाली. रमाबाई म्हटले की आपल्याला शारदासदन आठवते, केडगावचे मुक्तिसदन आठवते, धर्मांतराचे वादळ आठवते. पण या असामान्य बाईला मुळात व्हायचे होते डॉक्टर, आणि ते त्यांना होता आले नाही ते कानांमुळे, ही गोष्ट चरित्रात एकदोन ओळींत येऊन जाते. त्या एकदोन ओळींपाशी आज थोडे थांबू या.

ऐकून शिकलेली मुलगी

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा, सह्याद्रीतल्या गंगामूळच्या रानातला. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे संस्कृत पंडित. बायकांना संस्कृत शिकवू नये असा तो काळ. अनंतशास्त्र्यांनी आपल्या पत्नीला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवले. त्यावरून विरोध झाला, तेव्हा त्यांनी रानात जाऊन घर थाटले. पुढे कर्ज झाले, घर सुटले आणि सारे कुटुंब तीर्थयात्रेला निघाले. रमा तेव्हा अगदी तान्ही होती.

देवळाच्या ओवरीत किंवा नदीच्या घाटावर बसून पुराण सांगायचे, ऐकणारे जे शिधा-दक्षिणा देतील त्यावर चालायचे, असे त्या कुटुंबाचे जगणे होते. रमेची शाळा म्हणजे आई. वयाच्या आठव्या वर्षापासून पंधराव्यापर्यंत आईने तिला शिकवले, आणि ते पाटीपेक्षा तोंडी. आईने म्हणायचे, मुलीने ऐकायचे आणि पुन्हा म्हणायचे. अशा रीतीने भागवताचे अठरा हजार श्लोक त्या मुलीला मुखोद्गत झाले. गावोगाव फिरताना कानडी, मराठी, हिंदुस्थानी, पुढे बंगाली या भाषाही तिने अशाच, ऐकत ऐकत आत्मसात केल्या. आपल्या परंपरेत विद्येला श्रुती म्हणतात. रमाबाईंच्या बाबतीत ते अक्षरशः खरे होते. त्यांची सगळी विद्या आधी कानात शिरली आणि मग जिभेवर आली.

१८७४ च्या सुमारास दुष्काळाने या कुटुंबाचा घास घेतला. वडील गेले, आई गेली, थोरली बहीणही गेली. उरली रमा आणि भाऊ श्रीनिवास. दोघे भावंडे हजारो मैल पायी हिंडली. झेलमच्या काठी थंडीत पांघरायला काही नव्हते, तेव्हा वाळूत खड्डा करून, अंगावर कोरडी वाळू ओढून त्यांनी रात्र काढली. १८७८ मध्ये ती कलकत्त्याला पोचली. तिथल्या पंडितांनी विशीतल्या या मुलीची परीक्षा घेतली आणि थक्क होऊन तिला पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या.

१८८० मध्ये श्रीनिवास वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी विवाह केला. जात वेगळी, प्रांत वेगळा. आसामातल्या सिल्चरला दोघांचा संसार सुरू झाला, १८८१ मध्ये मनोरमा जन्मली, आणि फेब्रुवारी १८८२ मध्ये पटकीने बिपिनबाबू गेले. चोवीस वर्षांच्या आत रमाबाईंनी आई, बाप, बहीण, भाऊ आणि नवरा अशी पाच माणसे गमावली होती.

तान्ह्या मुलीला घेऊन त्या पुण्याला आल्या. आर्य महिला समाज स्थापन केला. त्याच वर्षी शिक्षणाच्या चौकशीसाठी नेमलेल्या हंटर कमिशनपुढे त्यांनी साक्ष दिली. या देशातल्या बायका पुरुष डॉक्टरला आपले दुखणे सांगत नाहीत, अंगाला हात लावू देत नाहीत आणि त्यामुळे हजारो जणी विनाकारण मरतात, तेव्हा बायकांना डॉक्टरी शिकवा, असा त्या साक्षीचा आशय होता. नुसती साक्ष देऊन त्या थांबल्या नाहीत. आपणच डॉक्टर व्हायचे असे त्यांनी ठरवले. ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक लिहिले, त्याच्या विक्रीतून भाड्याचे पैसे उभे केले आणि १८८३ मध्ये मनोरमेला घेऊन त्या इंग्लंडच्या बोटीत बसल्या.

त्याच वसंतात कलकत्त्याच्या बंदरातून आणखी एक मराठी मुलगी डॉक्टर व्हायला निघाली होती. तिचे नाव आनंदीबाई जोशी. ती अमेरिकेला गेली, रमाबाई इंग्लंडला.

एक दार बंद होते

इंग्लंडमध्ये रमाबाई वाँटेजला सेंट मेरीच्या भगिनींच्या आश्रमात उतरल्या. सप्टेंबरमध्ये त्यांनी व मनोरमेने ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. त्या निर्णयाची चर्चा महाराष्ट्रात पुढे अनेक वर्षे गाजत राहिली. पण ज्या कामासाठी त्या सातासमुद्रापार आल्या होत्या त्याचे काय झाले, हे फारसे कुणी विचारले नाही. त्यांना ऐकू कमी येत होते, आणि ते कमी कमी होत चालले होते. वैद्यकीय शिक्षण घेता येणार नाही, हे इंग्लंडमध्ये स्पष्ट झाले.

आज वाटेल, थोडे कमी ऐकू येते म्हणून एवढी बुद्धिमान बाई डॉक्टर का होऊ शकली नसती? पण तेव्हाची डॉक्टरकी डोळ्यांसमोर आणा. क्ष-किरणांचा शोध लागायला अजून बारा वर्षे होती. हृदयाचा आलेख नव्हता, सोनोग्राफीचे तर नावच नको. छातीत काय चालले आहे हे कळायला डॉक्टरपाशी होती ती लेनेकने १८१६ मध्ये शोधलेली नळी आणि स्वतःचा कान. हृदयाच्या ठोक्यातली हलकी फुसफुस, फुप्फुसातली बारीक करकर, पोटातल्या बाळाचे ठोके, सगळे कानानेच टिपायचे. त्यातून व्याख्याने परक्या भाषेत. ज्या कानांनी भागवत टिपले होते, त्याच कानांनी रमाबाईंना इथे अडवले.

आणि त्या काळी यावर इलाजही नव्हता. बहिऱ्यांच्या हाती असे तो कर्णा, म्हणजे एका बाजूला पसरट तोंड असलेली नळी. विजेवर चालणारी पहिली श्रवणयंत्रे निघाली ती १८९८ च्या सुमारास. कानातला पू थांबवणारी प्रतिजैविके आली १९४० नंतर. फाटलेला पडदा शिवायच्या आणि आखडलेले हाड बदलायच्या शस्त्रक्रिया रुळल्या त्या १९५० च्या दशकात. रमाबाई सत्तर वर्षे आधी जन्मल्या होत्या.

तीन हाडे आणि एक शंख

हा कान असतो तरी कसा? बाहेर दिसते ती पाळी म्हणजे नुसती पागोळी. पावसाचे पाणी गोळा करावे तसा ती आवाज गोळा करते. तिथून सुमारे अडीच सेंटिमीटर लांबीची वाकडी बोळ आत जाते. या बोळीच्या कातडीत मळ तयार होतो. आपण त्याला घाण समजतो, पण तो कानाचा पहारेकरी आहे. धूळ आणि किडेमुंग्या तो अडवतो, कातडी ओलसर ठेवतो, आणि कातडी आतून बाहेर सरकत असते तसा आपणहून बाहेर येतो.

बोळीच्या टोकाला पडदा. जेमतेम एक सेंटिमीटर व्यासाचा आणि जाडी मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढी. आवाजाच्या लाटा त्यावर आपटल्या की तो तबल्याच्या पुडीसारखा थरथरतो. पडद्यामागे हवेची एक इवलीशी खोली आहे. तिच्यात तीन हाडे एकमेकांना जोडून टांगलेली असतात. त्यांच्या आकारावरून त्यांना हातोडी, ऐरण आणि रिकीब म्हणतात. घोड्याच्या खोगिराला पाय अडकवायला असते तशी ही रिकीब आपल्या शरीरातले सगळ्यांत लहान हाड, उंची तीन मिलिमीटरच्या आसपास. पडद्याची थरथर ही तीन हाडे पुढे नेतात आणि वाटेत तिचा जोर पुष्कळ वाढवतात.

या मधल्या खोलीतून एक नळी घशाच्या वरच्या भागात उतरते. आत-बाहेर हवेचा दाब सारखा ठेवायचे काम तिचे. घाट उतरताना कानाला दडे बसतात आणि आवंढा गिळला की सुटतात, ते या नळीमुळे. लहान मुलांत ती आखूड आणि आडवी असते, म्हणून सर्दी झाली की घशातला जंतू सहज कानात पोचतो. मुलांचे कान फुटतात ते बहुधा याच वाटेने.

रिकिबीच्या पलीकडे खरी जादू आहे. गोगलगायीच्या शंखासारखी सुमारे अडीच वेढ्यांची नळी, पाण्यासारख्या द्रवाने भरलेली. उलगडली तर साडेतीन सेंटिमीटर. तिच्या आत केसाळ पेशींच्या रांगा असतात, एका कानात साधारण पंधरा हजार. बाजरीच्या शेतावरून वारा गेला की कणसे लवतात तसे त्या पेशींवरचे सूक्ष्म केस लवतात, त्यातून विजेचा संदेश निघतो आणि मज्जातंतूवाटे मेंदूत जातो. शंखाच्या तोंडाशी उंच स्वर, टोकाशी खर्ज अशी वाटणी आहे. १८५१ मध्ये इटालियन संशोधक कोर्ती याने या रचनेचे वर्णन केले. ती नेमकी कशी हलते हे उलगडल्याबद्दल हंगेरीत जन्मलेल्या बेकेशीला १९६१ चे नोबेल पारितोषिक मिळाले. शंखाला लागूनच तीन अर्धवर्तुळाकार नळ्या आहेत. त्या आपला तोल सांभाळतात.

आता या रचनेत बिघाड दोन जागी होतो. बोळ, पडदा, हाडे यांत झाला तर आवाज आत पोचत नाही. हा बहुतेक वेळा औषधाने किंवा शस्त्रक्रियेने सुधारतो. पण शंखातल्या केसाळ पेशी मेल्या तर मात्र त्या परत उगवत नाहीत. पक्ष्यांत त्या पुन्हा येतात, माणसात येत नाहीत. जन्माला येताना जेवढ्या मिळाल्या तेवढ्यांवर आयुष्य काढायचे. आणि नुकसान सुरू होते ते बहुधा शंखाच्या तोंडाकडून, म्हणजे उंच स्वरांपासून. बोललेले ऐकू येते पण नीट कळत नाही, स, त, फ, श ही अक्षरे निसटतात. आजीला आमचा आवाज पोचत असेल, शब्द पोचत नसतील.

डोळ्यांनी ऐकलेले आयुष्य

डॉक्टरीचे दार बंद झाले म्हणून रमाबाई परत फिरल्या नाहीत. त्या चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात गेल्या. तिथे त्या संस्कृत शिकवत आणि स्वतः गणित, विज्ञान, इंग्रजी साहित्य शिकत. १८८६ च्या आरंभी त्यांना अमेरिकेहून बोलावणे आले. फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात आनंदीबाई जोशी डॉक्टर होणार होत्या. त्या समारंभाला रमाबाई गेल्या.

११ मार्च १८८६ हा तो दिवस. दोघी दूरच्या नात्यातल्या. दोघी एकाच वर्षी एकाच इच्छेने घर सोडून निघालेल्या. एकीला पदवी मिळत होती आणि दुसरी ते पाहायला बसली होती. आनंदीबाईंना कानांनी साथ दिली, फुप्फुसांनी दिली नाही. वर्षभराच्या आत, फेब्रुवारी १८८७ मध्ये, बावीस वर्षे पुरी होण्याआधीच त्या पुण्यात क्षयाने गेल्या. रमाबाईंना मात्र पुढे पस्तीसहून अधिक वर्षे मिळाली.

त्यांनी अमेरिकेत मुक्काम वाढवला, बालोद्यान पद्धतीचे शिक्षण घेतले, उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक लिहिले, गावोगाव व्याख्याने दिली. बोस्टनला त्यांच्या नावाची संस्था निघाली आणि तिने विधवांच्या शाळेसाठी दहा वर्षे मदत द्यायचे कबूल केले. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदासदन उघडले. आनंदीबाईंच्या पदवीला त्या दिवशी बरोबर तीन वर्षे झाली होती. पहिल्या विद्यार्थिनींत गोदूबाई होत्या, त्याच पुढे महर्षी कर्व्यांच्या पत्नी आनंदीबाई झाल्या. सदन नंतर पुण्याला आले. १८९३ मध्ये मुलींवर ख्रिस्ती धर्माचा प्रभाव पाडला जातो या आरोपावरून वादळ उठले, रानडे-भांडारकरांसारख्या हितचिंतकांनी सल्लागार मंडळ सोडले, अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. त्या वादात कोण किती बरोबर, हा वेगळा विषय आहे.

१८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुलींना घेऊन आल्या. दुष्काळात आपली माणसे कशी जातात हे त्यांनी पाहिले होते. पुण्याजवळ केडगावला माळरान घेऊन तिथे मुक्तिसदन उभे राहिले. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तिथे सुमारे दोन हजार जणी राहत होत्या. विणकाम, शिवणकाम, शेती, गाईगुरे, तेलघाणा, छापखाना, सगळी कामे बायकाच करीत. अंध मुलींना ब्रेल लिपी शिकवायची सोयही तिथे होती. ज्या बाईचे स्वतःचे एक इंद्रिय मावळत चालले होते, तिला दुसऱ्याच्या मावळलेल्या इंद्रियाची कळ समजली होती, असे मला वाटते.

बहिरेपण वाढत गेले तसे त्यांचे काम कानाकडून डोळ्यांकडे सरकले. मनोरमा त्यांचा उजवा हात झाली. उत्तरायुष्यात त्यांनी हाती घेतले ते बायबलच्या मराठी भाषांतराचे काम, आणि तेही मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून. लहानपणी कानांनी भाषा शिकलेल्या या बाईने उतारवयात डोळ्यांनी भाषा शिकून घेतल्या. भाषांतर त्यांचे, खिळे जुळवणाऱ्या मुली मुक्तिसदनातल्या, छापखाना तिथलाच. १९२१ मध्ये मनोरमा आईच्या आधी गेली. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या, तेव्हा भाषांतराचे काम संपत आले होते. संपूर्ण ग्रंथ छापून निघाला तो त्यांच्यामागे.

बंद दारापाशी न थांबता त्यांनी दुसरे दार शोधले, हे खरे. पण त्यावरून बहिरेपणाने काही बिघडत नाही असे समजणे चुकीचे ठरेल. सगळ्यांकडे रमाबाईंची बुद्धी आणि जिद्द नसते. माझ्या आजीकडे होता तो फक्त गोठा.

आपल्या घरातले कान

रमाबाईंच्या काळी इलाज नव्हता. आज बराचसा आहे. आज कानाने कमी ऐकणारी मुलगीसुद्धा डॉक्टर होऊ शकते, आवाज वाढवून देणारे स्टेथोस्कोप निघाले आहेत. जन्मतः बहिऱ्या बाळाच्या शंखात यंत्र बसवता येते आणि ते बाळ बोलायला शिकते, मात्र हे लवकर व्हावे लागते. म्हणून बाळ मोठ्या आवाजाने दचकत नसेल, वर्षाचे होऊनही आईबाबांच्या हाकेकडे वळत नसेल, तर घरातले बोलायला उशीर होतो असे म्हणत बसू नये, तपासणी करून घ्यावी. गरोदरपणात आईला रुबेला झाला तर बाळाचे कान जाऊ शकतात. त्यावर गोवर-रुबेलाची लस आहे, ती लहानपणीच टोचून घ्यावी.

बाकीचे राखणे आपल्या हातात आहे आणि ते फुकट आहे. कानात काडी, कानकोरणे, हेअरपिन, किल्ली, कापसाची बड काहीही घालू नये. त्याने मळ निघत नाही, उलट आत ढकलला जातो आणि कधी पडदा फाटतो. लसणाचे कढत तेल घालू नये. पडद्याला भोक असेल तर ते तेल थेट आतल्या खोलीत उतरते. कान वाहत असेल तर तो आपोआप बरा होईल म्हणून वर्ष काढू नये, वाहणारा कान हाडेही खाऊन टाकतो. बाळाला आडवे निजवून बाटलीने दूध पाजू नये, डोके उंच असावे. सर्दीत दोन्ही नाकपुड्या दाबून जोराने नाक शिंकरू नये. काही प्रतिजैविकांनी, विशेषतः जेंटामायसिन, स्ट्रेप्टोमायसिन यांसारख्या इंजेक्शनांनी, शंखातल्या पेशी मरू शकतात. ती डॉक्टरच्या देखरेखीखालीच घ्यावीत. एका रात्रीत एका कानाने ऐकू येईनासे झाले तर ती तातडीची बाब समजून त्याच दिवशी कानाच्या डॉक्टरकडे जावे. पहिल्या काही दिवसांत उपचार झाले तर ऐकणे परत येण्याची आशा जास्त असते.

आपल्याकडे कानाखाली आवाज काढीन, अशी धमकी सर्रास दिली जाते. ती निदान मुलांच्या बाबतीत तरी भाषेतच राहू द्यावी. कानावर उघड्या तळव्याची चपराक बसली की बोळीतली हवा एकदम दाबली जाते आणि पडदा फाटू शकतो.

आणि शेवटी गोंगाट. नेहमीचे बोलणे साठ डेसिबलच्या घरात असते. ८५ डेसिबलला आठ तास हा कानाच्या सोसण्याचा हिशेब धरतात. पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो. या हिशेबाने शंभर डेसिबलला उरतात पंधरा मिनिटे. लग्नाच्या वरातीतला डीजे त्याहूनही वर जातो. २००० सालच्या नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपकाला बंदी आहे, पण दिवसाचे काय? सातपुड्यात होळीला मोठाले ढोल वाजतात, त्या ढोलांवर पिढ्या नाचल्या. पण तो मोकळ्या रानातला आवाज, वर्षातून थोड्या रात्रींचा. अरुंद गल्लीत स्पीकरची भिंत उभी केली की तिच्यापुढे नाचणाऱ्या पोराच्या कानात बाजरीचे शेत आडवे होते. दुसऱ्या दिवशी कान गुणगुणला तर समजावे, काही कणसे मोडली. सोपी खूण अशी, की हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावे लागत असेल तर तिथून दूर व्हावे, निदान कानात बोळे घालावेत. मळणीयंत्रावर, पिठाच्या गिरणीवर, ट्रॅक्टरवर दिवसभर काम करणाऱ्यांनाही हेच लागू. कानात खुपसून ऐकायची यंत्रे अर्ध्याहून थोड्या वरच्या आवाजापलीकडे नेऊ नयेत.

चष्मा लावायला आपण लाजत नाही, श्रवणयंत्र लावायला लाजतो. म्हातारपणी हळूहळू ऐकणे कमी होते, ते बहुतेकांचे होते. पण त्यावर यंत्र न लावल्याने माणूस गप्पांतून उठतो, घरात एकटा पडतो. अशा न सुधारलेल्या बहिरेपणाचा स्मृतिभ्रंशाशीही संबंध असल्याचे आता दिसून येत आहे.

आज रविवार. दुपारी जेवणे झाली की एक करा. घरातल्या आजी-आजोबांच्या पाठीमागे थोड्या अंतरावर उभे राहा आणि नेहमीच्या आवाजात हाक मारा. त्यांनी वळून पाहिले तर उत्तम. नाही पाहिले तर हसू नका. दुसऱ्यांदा मोठ्याने हाक मारूनही विषय सोडून देऊ नका. येत्या आठवड्यात त्यांना कानाच्या डॉक्टरकडे घेऊन जा. म्हसावदच्या त्या ओट्यावर आम्हाला एवढेच करायचे होते, आणि ते आम्ही केले नाही.